निळ्या फौजेची दोन वर्षं

तिघांनी मिळून दोन वर्षं माझ्या डोळ्यांत धूळ फेकली. माझी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि आमचा मित्र केमिस्ट. मला विचाराल तर माझा राग अजून गेलेला नाही.

मी पेंटर. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. रविवारी मेव्हण्याच्या फोटोफ्रेमच्या दुकानावर, माडीवरच्या खोलीत आम्ही लढाई खेळतो. आठ बाय पाच फुटांचं टेबल आणि दीड इंच उंचीचे शिशाचे शिपाई. अठराव्या शतकातले. तीन टोकांच्या टोप्या, गुडघ्यापर्यंत कोट, खांद्यावर बंदूक. मेव्हण्याची पांढऱ्या कोटांची फौज, समोर माझी आणि केमिस्टची मिळून निळ्या कोटांची. टेपनं मोजून पलटण पुढे सरकवायची आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. साठीला आलेले पुरुष बाहुल्या खेळतात, असं बायको म्हणते. चहा मात्र तीच घेऊन येते.

आमचा एक नियम आहे, आणि तो मी केलाय. कोट, कॉलर, बटण, त्या फौजेत जसं होतं तस्संच पाहिजे. रंग चुकला तर पलटण टेबलावर चढणार नाही. केमिस्टनं एकदा चोवीस घोडेस्वारांची बटणं पिवळी केली. पांढरी पाहिजे होती.

"पेंटरसाहेब, मोहरीएवढं बटण ते. कोणाला दिसतंय?"

"मला दिसतंय," मी म्हटलं. सगळी खरवडून पुन्हा करायला लावली. बिचाऱ्याचे सहा आठवडे गेले.

कारण माझ्याकडे दुसरं होतं काय? केमिस्ट शिकलेला, मेव्हण्याकडे जाडजूड पुस्तकं. मी आठवीत शाळा सोडली. माझे होते ते डोळे. ते गेले तर त्या टेबलाशी माझं काम काय, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून घरातला उजेड कमी झाला तेव्हा मी तीनदा बल्ब बदलला. वायरमनला बोलावून चार शब्द सुनावले. डॉक्टरचं नाव बायकोनं काढलं की मी जेवणावरून उठायचो.

तशात माझ्या एकशेवीस शिपायांचा रंग जुना झाला होता. सगळे नव्यानं रंगवायला घेतले. बाटल्या मी घरच्या फळीवरच्या जागेवरून ओळखतो, लेबल वाचणं हे नवशिक्यांचं काम. मधे बायकोनं ती फळी पुसली होती, हे मला कोणी सांगितलं नाही.

आठ महिन्यांनी पलटणी टेबलावर मांडल्या. मेव्हणा खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर भिंत आहे. केमिस्टनं घसा साफ केला आणि तो टेप गुंडाळायला लागला. मी माझ्या फौजेकडे बघितलं, मग शेजारी त्याच्या फौजेकडे, आणि माझं टाळकं सरकलं.

"तुझा निळा चुकलाय रे! माझ्याशी जुळत नाही. काळपट दिसतोय. नियम माहीत आहे ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग कपात चहा ओतणाऱ्या माझ्या बायकोकडे पाहिलं. ती कप भरून वाहिला तरी ओततच होती.

"हो," तो म्हणाला. "चुकलाय खरा."

ऐंशी शिपाई पिशवीत भरून घेऊन गेला. दोन-अडीच महिन्यांनी परत आणले, ते माझ्याशी तंतोतंत जुळणारे. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता कसं!" म्हटलं. त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी मेव्हणा सरळ चेहऱ्यानं म्हणायचा, "निळ्यांची चाल." हसायला म्हणून त्याचा ओठसुद्धा कधी हलला नाही.

मग एका रविवारी मी फाशावरचा चार सहा म्हणून वाचला आणि मेव्हण्याला लबाड म्हटलं. बायकोनं पायात चपला घातल्या, माझा दंड धरला आणि थेट डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रंगकाम," मी म्हटलं.

आधी एक डोळा झाला, महिन्यानं दुसरा. पट्टी निघाल्यावर कळलं की आमची न्हाणीघरातली बादली निळी आहे. मी तिला राखाडी समजत होतो. पुढच्या रविवारी मी जिना चढून वर गेलो. टेबलाच्या एका बाजूला पांढरी फौज होती. दुसऱ्या बाजूला दोनशे शिपाई उभे होते, हिरवेगार.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाला येईल ते बोललो. "तोंडात मिठाच्या गुळण्या धरल्या होत्यात का सगळ्यांनी? पेंटर आहे मी! सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी ब्रश खाली ठेवला असता, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "आणि पुन्हा हा जिना चढला नसता."

खरं होतं. म्हणून आणखी राग आला.

केमिस्टनं पिशवीतून निळ्या रंगाची नवी बाटली काढून टेबलावर ठेवली. "माझे मी घेऊन जातो. दोन महिने द्या, पुन्हा निळे करतो."

मी त्याचा एक शिपाई उचलला आणि नव्या डोळ्याजवळ धरला. कोट साफ चुकलेला. पण कोटावर सहा बटणं होती, मोहरीएवढी, सगळी पांढरी. दुसरा उचलला, तिसरा उचलला. ऐंशीच्या ऐंशी बघितले. आपण चुकीचं रंगवतोय हे माहीत असलेल्या माणसानं एकही बटण चुकवलं नव्हतं.

मला रडू आलं. ऑपरेशनमुळे डोळ्यांना पाणी येतं, असं मी त्यांना सांगितलं. ते खोटं होतं.

डब्यात एक ढोल वाजवणारा शिपाई बिनरंगाचा शिल्लक होता. मी खुर्ची ओढली, ब्रश ओला केला आणि तिथल्या फळीवरची एक बाटली घेतली. लेबल वाचलं. झाकण उघडलं.

"अहो, ती हिरवी आहे," बायको म्हणाली. "निळी इकडे आहे."

"दिसतंय मला," मी म्हटलं, आणि कोटाला पहिला हात दिला.