बाटलीवरची वेणी

“फोटोत त गुडघ्यापर्यंत दिसते वो. इथं पाहा, शेपूट उरली नुसती.”

हे पंचफुलाच्या पाठीमागे, हातभर अंतरावर बोललं गेलं. माका निवडत बसलेल्या दोघींना वाटलं, चुलीवर तेल चर्रचर्र करत असताना कोणाला काय ऐकू जाणार. पंचफुलाला शब्दन् शब्द ऐकू गेला. तिने मागे वळून पाहिलं नाही. चुलीवरच्या मोठ्या गंजातल्या तेलात झारा फिरवत राहिली आणि मोकळ्या हाताने वेणी तेवढी पुढे, खांद्यावरून छातीवर ओढून घेतली.

तिच्या वेणीवर गावाचा हक्क होता. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या बारा बायकांचा बचत गट सात वर्षांपासून केसांचं तेल बनवत होता. कृती आनंदाबाईंची. तिळाचं तेल, माका, जास्वंद, मेथी आणि मंद जाळ. म्हणून नाव ‘आनंदा केशतेल’. बाटलीवर फोटो मात्र पंचफुलाचा, तोही पाठमोरा. हिरवी साडी, आणि गुडघ्याला टेकलेली मनगटाएवढी वेणी. खाली छापलेलं, ‘केस वाढवा, कोंडा पळवा’. ते वाक्य गटाची सचिव कामिनी हिने रचलं होतं आणि तिला त्याचा फार अभिमान होता. पंचफुलाचा नवरा मंगरू म्हणे, फोटोवाल्याला अक्कल होती, त्याने चेहरा घेतला नाही.

गेल्या दिवाळीपासून ती वेणी सरायला लागली. आधी डोक्याला खाज. मग काळ्या ब्लाऊजवर पांढरा भुगा, मग कंगव्यात पुंजके. घरात केशतेलाची विहीर असताना बाई दुसरं काय करणार? पंचफुलाने तेल वाढवलं. दोन दिवसांआड लावायची ते रोज लावू लागली, मग रोज दोनदा. कोंडा तिच्यापेक्षा खुशीत दिसू लागला.

शेवटी लेकीने, प्रतिक्षाने, हात धरून भंडाऱ्याला नेलं. प्रतिक्षा तिथे फार्मसी शिकत होती आणि आईचं डोकं चार महिने बघून तिचा धीर संपला होता. चामडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भिंगातून डोकं पाहिलं आणि विचारलं, कुठलं तेल लावता? पंचफुला म्हणाली, बाजारातलं. प्रतिक्षाने आईकडे पाहिलं आणि छताच्या पंख्याकडे बघत बसली.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हा कोंडा कोरडा नाही, तेलकट आहे. याला तेल म्हणजे खुराक. तेल बंद. आठवड्यातून दोनदा हा औषधी शॅम्पू, केसांना नव्हे, डोक्याच्या कातडीला चोळायचा, पाच मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. रक्त तपासलं तर लोहही कमी निघालं, त्याच्या गोळ्या वेगळ्या. गळणं थांबेल, नवे केस यायला वेळ लागेल, आणि गुडघ्यापर्यंतचं वचन मी देत नाही, असंही त्या हसून म्हणाल्या. वेणीची गोष्ट पंचफुलाने त्यांना सांगितलीच नव्हती. प्रतिक्षाने सांगितली असावी.

पंचफुलाने नेमाने शॅम्पू लावला. बुधवारी आणि रविवारी. पंधरा दिवस झाले, फरक शून्य. प्रतिक्षा एका रविवारी घरी होती म्हणून चोरी सापडली. आई शॅम्पूने डोकं धुऊन बाहेर आली, उन्हात केस वाळवले, आणि कोरडं डोकं कसं ठेवायचं म्हणून सवयीने वाटीतलं तेल घेऊन टाळूवर थापलं. तिला त्यात काही चुकलंय असं वाटलंही नव्हतं. तेल म्हणजे तिच्या लेखी लावणं नव्हतंच, ते केस विंचरण्याचाच भाग होतं. जन्माला आल्यापासून तिचं डोकं एक दिवस कोरडं राहिलं नव्हतं. ते फक्त कोणाच्या मयतीत राही.

प्रतिक्षाने वाटी उचलून माळ्यावर ठेवली. त्यानंतर मात्र पंचफुलाने मनावर घेतलं. पाच मिनिटं कशी मोजायची हा प्रश्न होता, तिने कुकर लावून तो सोडवला. कुकर चढवायचा, न्हाणीत जाऊन डोक्यावर फेस करायचा, आणि चौथी शिट्टी होईस्तोवर डोळे मिटून पाटावर बसायचं. त्या पाच मिनिटांत तिला कोणी हाक मारली तरी तिला ओ देता येत नसे, आणि हे औषधाचं कलम तिला सगळ्यात जास्त लागू पडलं. शॅम्पूची बाटली तांदळाच्या कोठीत लपवलेली असे. ती हिशोबापेक्षा लवकर संपू लागली तेव्हा कळलं की मंगरूही बुधवारी-रविवारी न्हाणीत जास्त वेळ काढतोय. चौथी शिट्टी तोही ऐकतच असणार.

तीन महिन्यांत खाज गेली, भुगा गेला, कंगवा बहुतेक रिकामा निघू लागला. कपाळाच्या कडेने नवे केस आले, बोटाच्या पेराएवढे, गवतासारखे उभे. पंचफुला आरशात त्यांच्यावरून तळवा फिरवी आणि तिला आपलंच कौतुक वाटे. डोक्याचं काम झालं होतं. वेणी मात्र पाठीच्या मध्यावर संपत होती, करंगळीएवढी होऊन.

गटात हे सगळ्यांना दिसत होतं आणि उघड कोणी बोलत नव्हतं. बोलायचं तर पुढचं वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते आनंदाबाईंच्या तोंडावर कोण बोलणार? याच तेलाने बारा जणींना धानाच्या रोवणीतून, दिवसभर चिखलात वाकून राहण्यातून, वर काढलं होतं. सत्तरीची म्हातारी अजून प्रत्येक गंजावर स्वतः वाकून वास घेई. तेलाला तिचं नाव होतं. पंचफुलाला आईच्या मागे तिनेच डोकं विंचरून मोठं केलं होतं. त्या हाताला खोटं पाडायचं म्हणजे पंचफुलाच्या जिवावर येई.

भंडाऱ्याचं बचत गटांचं प्रदर्शन जवळ आलं. दरवर्षी पंचफुला स्टॉलसमोर पाठमोरी उभी राही, बायका वेणीला हात लावत आणि बाटली घेत. यंदा निघायच्या सकाळी कामिनीने पिशवीतून लांबलचक गंगावन काढलं.

“काकी, फोटोसारखं दिसलं पायजे, अजून काही नाही,” ती म्हणाली.

आनंदाबाई तेव्हा खोक्यांवर दोरी बांधत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. बाकीच्यांना एकदम बाटल्या पुसायचं सुचलं. पंचफुलाने एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि पाटावर बसली. कामिनीने गंगावन इतकं बेमालूम गुंफलं की ऑटोतून उतरताना पंचफुलाच्या गुडघ्याला जुनी ओळखीची शेपटी लागली आणि तिला चटकन भरून आलं.

दुपारपर्यंत खोकं अर्धं झालं होतं. तेवढ्यात साकोलीकडच्या एकोडीहून आलेली एक बाई थांबली. सोबत सतरा-अठरा वर्षांची मुलगी, खुशबू. उन्हाळा नव्हता तरी मुलीने ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली होती, आणि खांद्यावर तो भुगा, जो पंचफुला अंधारातही ओळखू शकली असती.

बाईने मागच्या साली इथूनच बाटली नेली होती. पोरीला रोज चोपडते, म्हणाली, सकाळ-संध्याकाळ, तरी केस जाऊनच राहिले. कॉलेजात जायला नाही म्हणते पोरगी. तेल कमी पडत असेल, म्हणून यंदा चार बाटल्या न्यायच्या. मग तिने पंचफुलाची वेणी हातात घेतली आणि लेकीला म्हणाली, पाह्य, असे होतात केस. हात लावून पाह्य.

खुशबूने हात लावला. भीतभीत, देवळातल्या वस्तूला लावावा तसा. कामिनी चार बाटल्या पिशवीत भरू लागली होती.

रोज दोनदा थापलेलं तेल पंचफुलाला आठवलं, आणि तेच आता या पोरीच्या डोक्यावर होतं. ती मुलीकडे वळली नाही, पाठमोरीच राहिली.

“ओढ,” ती म्हणाली.

मुलीला कळलं नाही. पंचफुलाने पुन्हा सांगितलं, शांतपणे, पोळी वाढ म्हणावं तसं. “ओढ न बेटा. जोरानं ओढ. मले दुखत नाही.”

खुशबूने ओढलं. गंगावन सळकन निघून तिच्या हातात आलं आणि ती दोन पावलं मागे गेली. शेजारच्या पापडाच्या स्टॉलवरचं बोलणं थांबलं. पंचफुला वळली. पाठीवरची करंगळीएवढी वेणी तिने सोडवली, मान वाकवली आणि टाळू मुलीपुढे धरली.

तिने सगळं सांगितलं. खाज, भुगा, डॉक्टरीणबाई, शॅम्पू, पाच मिनिटं, लोहाच्या गोळ्या, कुकरसुद्धा. तेल महिनाभर बंद ठेव आणि डोकं डॉक्टरले दाखव, म्हणाली. कपाळाच्या कडेचे उभे केसही दाखवले. मुलगी ओढणी सैल करून ऐकत होती. कामिनी हातातली बाटली आत ठेवावी की बाहेर, हे न कळून उभी होती.

एकोडीची बाई रागावली नव्हती, पण तिला हिशोब लागत नव्हता.

“मंग हे तेल कायले इकता वो तुम्ही?”

स्वतःच्या डोक्याचं पंचफुलाने सांगितलं होतं, ते तिचं होतं. हे उत्तर तिचं नव्हतं. कामिनीने बाटलीवरच्या अक्षरांवर अंगठा ठेवला. गटातल्या दोघी-तिघींनी आनंदाबाईंकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

आनंदाबाई मागच्या खुर्चीतून सावकाश उठल्या. टेबलाशी आल्या. खुशबूच्या हातातून गंगावन घेऊन त्यांनी त्याची नीट घडी केली, कामिनीकडे दिली. मग पंचफुलाच्या नव्या केसांवरून बोटं फिरवली, तिच्या लहानपणी फिरवत तशीच, आणि पदर मागे सारून आपलं डोकं त्या बाईपुढे केलं. मधोमध हाताच्या पंजाएवढी जागा गुळगुळीत होती.

“पन्नास वर्षं झाले, मी हेच तेल लावून राहिली,” त्या म्हणाल्या. “डोकं थंड राहते, झोप चांगली लागते. केस नाही वाढत यानं, बाई. कधीच नाही वाढले.”