उजव्या चटईवरचा धोटा

"पंचफुलाबाई, धोटा उचला. मत सभासदाचं असते," अध्यक्ष मनोहरराव म्हणाले.

"मंग सभासदाचाच मोजा नं. माह्या मालकाचा आहे."

"मालक जाऊन दोन वर्षं झाली, बाई."

"धोटा तं थांबला नाही. कोण चालवून राहिलं त्याले?"

साल बहात्तर. गोळीबार चौकामागे मारुतीच्या पारावर आमच्या विणकर सोसायटीची सभा भरली होती. आमच्यात हात वर करून मत देत नाहीत. मागावर आडवं सूत नेणारा आपला धोटा प्रत्येकाने आणायचा; होकाराचा उजव्या चटईवर, नकाराचा डाव्या. वर केलेला हात नंतर नाकबूल करता येतो, धोटा मात्र सगळे ओळखतात.

त्या दिवशीचा ठराव एका शब्दाचा होता. सोसायटीच्या घटनेत 'विणकर पुरुष सभासद होईल' असं लिहिलेलं, तिथे पुरुष खोडून व्यक्ती करायचं. तो शब्द राहिला तर पंचफुलाला स्वतःच्या नावाने सूत मिळणार नव्हतं. लुगडी विणायची तिने. सूत आणि मजुरी यायची तिच्या दिराच्या, लहानूच्या नावावर. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

घराघरात धोट्यात घालायच्या कांड्या बायकाच भरतात. पण पारावर बसलं की पुरुषांना आपणच जग विणतो असं वाटतं. धोटे डावीकडे पडत गेले. लहानूने तर आपला दाणकन आपटला.

ठराव पडला. पंचफुलाचं मत कोणी मोजलंच नाही. जो तो आपला धोटा घेऊन निघाला. मीही उजवीकडचा माझा उचलला, आणि तिचा एकटाच तिथे राहिला.

"घेऊन चाल नं वहिनी," लहानू म्हणाला. "उद्या विणाचं नाही का?"

"राहू दे तिथंच. मोजल्याबिगर मी त्याले हात लावत नाही."

ती मोकळ्या हातांनी ताठ चालत गेली. मला तिचा अभिमान वाटला आणि आमच्या सगळ्यांचा संताप आला.

सकाळी लहानू मागावर बसला, तर त्याचा धोटा जागेवर नाही.

"माहा धोटा कुठं गेला वं?" त्याने बायकोला विचारलं.

गोदूबाई अंगणात चरख्यावर कांड्या भरत होती. तिने मान वर केली नाही. "कामाले गेला."

कुडापलीकडे पंचफुलाचा माग खटखटत होता. गोदूबाईने शेवटची कांडी टोपलीत टाकली, टोपली कडेवर घेतली आणि लहानूच्या समोरून जावेच्या घरात शिरली.