मुकादमाचं पथ्य

मुकादमाने शेवटी खाल्लं.

असं सांगता आलं असतं तर बरं होतं, पण तसं अजून काही झालेलं नव्हतं. सकाळ होती, वाटी भरलेली होती आणि मुकादम नावाचा राखाडी बोका तिच्याकडे पाठ करून खिडकीत बसला होता. त्याचं खाणं बाबा तोंडात घोळवत होते. डोळे मिटलेले, डावा हात वर, म्हणजे कोणी बोलायचं नाही. त्यांनी घास एका गालातून दुसऱ्या गालात नेला, नाकाने श्वास सोडला, सगळं सिंकमध्ये थुंकलं आणि कोमट पाण्याने चूळ भरली.

"सुरुवात बरी आहे," ते म्हणाले. "मध्ये पोकळ. शेवटी लाकडासारखं लागतं."

"बाबा, ते मांजराचं आहे."

"मग मांजराने लाकूड खायचं का?"

मुलीने चहाचा कप उचलला आणि मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने तिच्याकडे पाहिलं नाही.

बाबा निवृत्त होईपर्यंत बिस्किटांच्या कारखान्यात चव पाहण्याच्या कामावर होते. लोकांना वाटे, काय नशीब आहे, दिवसभर बिस्किटं खातो. प्रत्यक्षात ते दिवसभर बिस्किटं थुंकत आणि त्याचाच त्यांना पगार मिळे. कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक नवं बिस्कीट आधी त्यांच्या तोंडातून जाऊन आलेलं असे. स्वतः चाखल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडी काही द्यायचं नाही, हा नियम त्यांनी घरीही आणला. मुलगी तान्ही असताना तिची औषधंही त्यातून सुटली नव्हती. खोकल्याचं एक औषध तर त्यांनी 'फार आरडाओरडा करतं' म्हणून दुकानदाराला परत केलं होतं.

मुकादमाचं नाव त्याच्या वागण्यावरून पडलं. घरात कोणी काम काढलं की तो समोर येऊन बसे, शेवटपर्यंत बघे आणि काम संपल्यावर नापसंती दाखवून निघून जाई. आता तो म्हातारा झाला होता. पाणी फार पीत होता, पाठीचा कणा हाताला लागत होता. प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं, मूत्रपिंडं थकली आहेत.

"आत्तापर्यंत काय देत होता?" त्यांनी विचारलं.

मुलीने पाकीट दाखवलं. त्यावर मुकुट घातलेलं एक मांजर होतं. आजवर त्या घरात मांजराचं खाणं पाकिटावरच्या मांजराच्या चेहऱ्यावरून निवडलं जात असे. हे मांजर समाधानी दिसत होतं.

"पुढे छापलेलं असतं ते तुमच्यासाठी," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पाकीट उलटं केलं. "मांजरासाठी असतं ते इथे, मागे, बारीक अक्षरात. हे मीठ बघा. फॉस्फरस तर लिहायचे कष्टही घेतलेले नाहीत. याला फॉस्फरस कमी हवा, प्रथिनं बेताची पण चांगली, आणि ओलं खाणं, म्हणजे पाणी पोटात जाईल. ही तीन पाकिटं चालतील. यातलं तो खाईल ते निवडा. पण खाल्लं पाहिजे हं. उपाशी मांजराचं मूत्रपिंडाच्या आधी यकृत बसतं. एक दिवस झालाच आहे. परवा सकाळपर्यंत तोंड लावलं नाही तर घेऊन या, नळी घालावी लागेल. आणि या वयात नळी म्हणजे..."

पुढचं वाक्य त्यांनी मुकादमासमोर बोलायचं टाळलं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले होते, "निवडायचं म्हणजे चाचणी आली."

"चाचणी मुकादम करेल ना. तीन वाट्या ठेवू."

"कालची वाटी तशीच आहे. तिच्याकडे तरी गेला? त्याला सांगता येत नाही काय बिघडलंय ते. मला येतं."

"डॉक्टर म्हणतात, मांजराला गोड चव कळतच नाही. त्यांच्या जिभेला ती सोयच नसते."

"काय सांगतेस!" बाबा मुकादमाकडे असे बघत राहिले, की जणू त्याच्या घरचं कोणी गेल्याची बातमी आत्ताच आली आहे. मग त्यांनी कपाटातून कारखान्यातला पांढरा कोट काढला.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाचणी चालू होती. पद्धत कारखान्याचीच. तीन सारख्या वाट्या, बुडाला खुणेची चिकटपट्टी. भरणाऱ्याने पाठ करून भरायच्या, चाखणाऱ्याला काही सांगायचं नाही. भरण्याचं काम मुलीकडे होतं. ती डोळे तपासायची. कोपऱ्यावर तिचं चष्म्याचं दुकान होतं. वाट्या भरतानाच दुकानातून फोन आला, एका गिऱ्हाईकाला नव्या चष्म्यातून जमीन खाली गेल्यासारखी दिसत होती. तिने कानाला फोन लावूनच वाट्या भरल्या आणि जमीन आठवड्याभरात वर येईल असं सांगून फोन ठेवला.

बाबांनी दुसरी वाटी घेतली. हात वर. चूळ.

"ही बघ. ही गोलाई आहे. पहिलीत आणि हिच्यात जमीन-अस्मानाचा फरक."

तिसरी.

"हिच्यात कडवटपणा मागून येतो. लपवलाय, पण आहे. कोणी तरी नवशिका बसवलेला दिसतो तिकडे."

मुलगी पाकिटं आवरायला वळली आणि थांबली. ओट्यावर एक पाकीट कापलेलं होतं. दुसरी दोन्ही कंपनीतून निघाली तशीच बंद होती. फोनच्या नादात तिने तिन्ही वाट्या एकाच पाकिटातून भरल्या होत्या.

ती हसणारच होती. "अहो बाबा, गंमत ऐका" इतकं तोंडापर्यंत आलंही होतं. तिने वळून पाहिलं, तर बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

हे बघणं तिच्या ओळखीचं होतं. दुकानात खुर्चीवर बसलेल्या माणसाला ती शेवटची ओळ वाचायला सांगते. ज्याला थोडंफार दिसतं तो अडखळतो, मान पुढे काढतो, एखादं अक्षर सोडून देतो. ज्याला काहीच दिसत नाही तो धडाधड वाचतो. आणि वाचून झालं की तक्त्याकडे बघत नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघतो, बरोबर आलं का म्हणून.

"मग?" बाबा म्हणाले. "दुसरा नमुना. ठरलं?"

"ठरलं," ती म्हणाली.

परवाच्या सूपमध्ये तिने चुकून मीठ दोनदा घातलं होतं. स्वतःचा वाडगा तिने एका चमच्यानंतरच ओतून दिला होता. बाबांनी आपला संपवला, तोंड पुसलं आणि 'किंचित मीठ हवं होतं' असं सांगितलं. तो तिने टोमणा समजून सोडून दिला होता.

दुसरा नमुना मुकादमासमोर ठेवण्यात आला. त्याने तो हुंगला, आणि मग पुढच्या पंजाने वाटीभोवतीची फरशी खरवडू लागला. घाण झाकताना मांजरं करतात, तसं.

"त्याला वेळ दे," बाबा म्हणाले. "मोठ्या बदलाला बाजारही वेळ घेतो."

मुलगी दुकानात जाते म्हणून निघाली आणि जिन्यातच थांबून तिने डॉक्टरबाईंना फोन लावला.

"फ्रिजमधलं थंडगार देताय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "मग कसा खाईल? मांजर आधी नाकाने खातं. म्हातारपणी नाक मंद होतं. वास आला नाही तर ते त्याच्या लेखी खाणंच नाही. थोडं कोमट करा, बोटाला लागेल न लागेल इतपत. आणि वाटी ठेवून निघून जाऊ नका. जवळ बसा."

"बरं," मुलगी म्हणाली. फोन मात्र ठेवला नाही. "आणि माणसाचं तसं झालं तर?"

"माणसं मी बघत नाही हो."

"माहीत आहे."

पलीकडे एक कुत्रा भुंकत होता. त्याला कोणी तरी गप्प केलं.

"माझ्या सासूबाईंचं झालं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाक गेलं की चव गेलीच. आम्हाला किती तरी दिवस पत्ता नाही. समोर आहे म्हणून जेवायच्या, नसलं तर आठवणही यायची नाही. वजन उतरलंय का?"

मुलीच्या डोळ्यांसमोर बाबांचा पट्टा आला. त्याला एक नवं भोक पडलेलं होतं, खिळ्याने पाडल्यासारखं, वेडंवाकडं. पट्टा सैल झाला असेल असं तिला वाटलं होतं.

"हो," ती म्हणाली. "परत येते का?"

"एकदा तुमच्या डॉक्टरांना दाखवा. कधी दुसरं काही कारण असतं. पण वयाने गेली असेल तर सहसा नाही येत. एकटं जेवू देऊ नका."

रोज सकाळी ती ताट वाढून, झाकून दुकानात जात असे. संध्याकाळी ताट धुतलेलं असे. धुण्याआधी त्यातलं किती पोटात गेलं होतं, हे विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी तिने दुकान दुपारीच बंद केलं. दारावर 'डोळ्यांचे काम निघाल्याने बंद' अशी पाटी लावली. चष्म्याच्या दुकानावर ती तशी निरर्थक होती, पण कोणी विचारलं नाही.

घरी मुकादम कपाटाखाली गेला होता. बाबा पांढऱ्या कोटातच जमिनीवर बसून कपाटाखाली बोलत होते.

"अरे, मी पास केलेला माल आहे. असं करतात का?"

"बाबा, जरा कोमट करून बघू."

"कोमट?" बाबांनी क्षणभर विचार केला. "कोमटाने वास उघडतो. बरोबर. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

ते ज्या आवाजात बोलले तो तिने कधी ऐकला नव्हता. ती पटकन ओट्याकडे वळली. खाण्याची वाटी तिने गरम पाण्याच्या भांड्यात धरली, बोट लावून पाहिलं आणि बाबांच्या हातात दिली. बाबांनी सवयीने चिमूटभर जिभेवर ठेवलं. हात वर गेला. मग अर्ध्यातून खाली आला. चूळ भरायला ते उठले नाहीत. घास त्यांनी गिळून टाकला.

कपाटाखालून आधी मिश्या आल्या. मुकादम येऊन समोर बसला आणि बाबांचा चावणारा जबडा थांबेपर्यंत बघत राहिला. बाबांनी आणखी चिमूटभर खाल्लं. मुलगीही खाली बसली. थोडा वेळ तिघेही एका वाटीभोवती गंभीरपणे बसून राहिले. बाहेरून कोणी पाहिलं असतं, तर कसली तरी बैठक चालू आहे असंच वाटलं असतं.

मग मुकादमाने नाक वाटीत घातलं. एकदा चाटलं. थांबला. पुन्हा चाटलं आणि मान खाली घालून सावकाश खाऊ लागला. कान मागे, डोळे अर्धे मिटलेले.

"हळू बोला," बाबा कुजबुजले. कोणीच बोलत नव्हतं.

वाटी रिकामी झाल्यावर मुकादमाने तोंड पुसलं आणि नापसंती दाखवून निघून गेला. डॉक्टरबाईंना कळवलं. उद्या नळी नको, त्या म्हणाल्या. असंच चालू ठेवा, पाणी भरून ठेवा, पंधरा दिवसांनी रक्त बघू.

बाबा मात्र अजून जमिनीवरच होते. मुलीने गुडघ्यांचं निमित्त करून त्यांना वर बोलावलं नाही. तिने सूपचे दोन वाडगे भरले, पाव कापला आणि तिथेच फरशीवर त्यांच्या शेजारी मांडी घातली. सूपमध्ये तिने आज मीठ मोजून घातलं होतं, मिरी कुटून टाकली होती, लिंबू पिळलं होतं. बाबांनी चमचा तोंडात नेला. ती थांबली.

"कसं झालंय?"

बाबांनी घास एका गालातून दुसऱ्या गालात नेला. बराच वेळ नेला. या वेळी त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. खिडकीच्या बाजूला बघत राहिले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"तू सांग," ते म्हणाले.

मुलीने स्वतःचा चमचा भरला. सूप तोंडात धरून ती जरा बसली, तिला कधीच न जमलेल्या पद्धतीने.

"सुरुवात आंबट आहे," ती म्हणाली. "मग... मग मिरी लागते. घशाशी. शेवटी लोण्यासारखं काही तरी आहे."

"लोणी घातलंस?"

"थोडं."

"चांगलं केलंस." त्यांनी दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. पावाचा तुकडा मोडून बुडवला. "आणि मिरी? पुढे येते की मागे?"

"मागे."

"मागेच यायला हवी."

वाडगा अर्धा झाला, तसा त्यांनी चमचा खाली ठेवला. कोटाची वरची गुंडी लावली.

"लिहून घे."

"हात खरकटे आहेत, बाबा."

"मग ऐक नुसतं." त्यांनी घसा साफ केला. "माननीय व्यवस्थापक, चव विभाग, यांस. विषय, जीभ पुन्हा रुजू करून घेणेबाबत. महोदय, उपरोक्त जीभ गेले काही महिने पूर्वसूचना न देता गैरहजर आहे. सदर बाब अर्जदाराने घरच्यांपासून लपवली, याबद्दल तो दिलगीर आहे. जिभेची आजवरची सेवा निर्दोष असल्याने तिच्यावर कोणतीही कारवाई न करता तिला मूळ पदावर, मूळ ठिकाणी, शक्य झाल्यास उद्याच्या सकाळच्या चहापूर्वी हजर होण्याचे आदेश द्यावेत, ही नम्र विनंती."