उणकलच्या अप्पांचा काटा

२००४ च्या उन्हाळ्यात दर गुरुवारी धारवाडजवळच्या उणकल तळ्याकाठी अशी झुंबड उडायची, की नवनगरहून येणारे रिक्षावाले न विचारताच तिकडं वळायचे. उणकलचे अप्पा भूक बांधतात, अशी आवई उठली होती. मांडवात धान्याचा वजनकाटा, काट्यावर बाई, बाईच्या पदरात ओटी. वजन व्हायचं, ओटी अप्पांच्या पायाशी रिकामी व्हायची, उदीची पुडी मिळायची आणि पुन्हा वजन. तीन किलो कमी. "भूक म्हणजे पिशाच्च, अक्का. तीन किलोचं पिशाच्च आत्ता उतरलं बघा," अप्पा सांगायचे. माणसं हात जोडायची.

आकडा मोठ्यानं वाचायला शेषगिरी मास्तर होते, धारवाडात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेले. मास्तर वाचतात म्हणजे खोटं कसं असेल? ओटीत नारळ, गूळ, दोन किलो तांदूळ असतो हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या लेकीला, श्रीलक्ष्मीला, जाडीपायी तीन स्थळांनी नाकारलं होतं, आणि अडला हरी गाढवाचे पाय धरी. शिवाय उदी लागू पडत होती. पोरगी भाकरीकडं बघेना.

दोन महिन्यांनी ती घरातच कोसळली. छाती धडधडत होती, हात थरथरत होते. दवाखान्यातला डॉक्टर पद्मनाभ मास्तरांचाच विद्यार्थी. त्यानं विचारलं, "काही औषध चालू आहे का, सर?"

"नाही," मास्तर म्हणाले. पोरीचा जीव टांगणीला लागलेला, आणि हा गृहस्थ आपली अब्रू झाकत बसला. शेवटी श्रीलक्ष्मीनंच पर्समधली पुडी काढून दिली.

पोरगी वाचली. उदीत भूक मारणाऱ्या गोळ्यांची पूड निघाली, हृदयावर ताण आणणारी. पद्मनाभ रागावला नाही, तेच मास्तरांना जास्त लागलं. तो म्हणाला, "पोटातलं घ्रेलिन हे संप्रेरक मेंदूला जेव म्हणतं, चरबीतलं लेप्टिन पुरे म्हणतं. वजन उतरलं की घ्रेलिन उलट वाढतं. यात हिची हाव कुठं आली? त्यावर औषध करता येईल का, हे शास्त्रज्ञ अजून शोधताहेत. संप्रेरक म्हणजे काय, हे मला तुम्हीच शिकवलंत, सर."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या गुरुवारी ते काट्यापाशी गेले. हिराबाई नावाची बाई चढत होती. "अक्का, आधी ओटी खाली ठेवा," ते म्हणाले.

"मास्तर, देव कोपेल," अप्पा गुरकावले.

"कोप झाला की माझ्या पोरीवर. तुमच्या उदीतल्या गोळ्यांचा." मास्तरांनी सगळं सांगितलं.

हिराबाई म्हणाली, "पण इतके दिवस आकडा तुम्हीच वाचत होता की."

"होय. ओटी दिसत होती, तरी वाचला. उदी पोरीला मीच चारली. तिला भूक लागते ही तिची चूक नव्हती. मला तिची लाज वाटली, ही माझी चूक. तुम्ही माझ्या शब्दावर विसंबलात. आता कुणाच्याच शब्दावर विसंबू नका, माझ्यासुद्धा. पुडी डॉक्टरला दाखवा, वजन स्वतः करून बघा."

हिराबाईनं ओटी खाली ठेवली. काट्यावर चढली, उतरून उदीची पुडी हातात घेतली, पुन्हा चढली. आकडा तोच. या वेळी तो तिनंच मोठ्यानं वाचला, आणि मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले.