दांडा कापलेले कंद

गुलछडीचा कंद आयुष्यात एकदाच फुलतो. मधला दांडा वर येऊन फुलं देऊन गेला की मग तो कंद कितीही गरगरीत दिसू द्या, त्याला परत फूल यायचं नाही. पुढं फुलायचं ते त्याच्या कडेच्या पिल्लांनी, तेही वर्ष-दीड वर्षानं. यशोधराला हे तिच्या वडिलांनी, रंभाजींनी, शिकवलं आणि तिनं ते धाकट्या बहिणीला, दीपाला. तेव्हा दीपाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

गेल्या पावसाळ्यात कर्जतकडं आभाळ हटलंच नाही. उकाडा, दमट हवा, वाफ्यात साचलेलं पाणी. यशोधराचे सगळे कंद जमिनीतच सडले. वाण वडिलांचं. रंभाजी दर आषाढी पौर्णिमेला, भिक्खूंचा वर्षावास सुरू व्हायचा त्या दिवशी, आपली फुलं गावच्या विहारात नेऊन ठेवत. ते गेल्यावर यशोधराच नेत आली होती. यंदा काय नेणार? ते वाण आता फक्त नागापूरच्या पुढं, दीपाच्या सासरच्या शेतात उरलं होतं. आणि दीपाच्या लग्नात ते कंद दिले होते यशोधरानंच.

तिनं फोन केला तर दीपा म्हणाली, "ताई, इचारतीस काय? ये आन तुझ्या हातानं निवडून ने."

मार्चात ती गेली. सावलीला कंद पसरले होते. एकेक उचलून तिनं अंगठ्यानं दाबला. मऊ लागला तो बाजूला, मानेशी बुरशी दिसली तो बाजूला, मधे दांड्याचा बुडखा असलेला तर लांबच. लिंबाएवढे, टणक, कोरड्या मानेचे तेवढेच घेतले. पुन्हा तसा दमट पावसाळा आला तर हेच टिकतील. त्यातले अगदी उत्तम होते ते मात्र तिनं बहिणीच्या ढिगात ठेवले. हावरटपणा करायला ती काय परकी होती? पोतं भरून साडीच्या काठाच्या चिंधीनं, वडील मारायचे तशी दुहेरी गाठ मारली.

"उद्या टेम्पो हाय तिकडचा, धाडते," दीपा म्हणाली.

पोतं आलं. चिंधी तीच, गाठ मात्र साधी. यशोधराला खटकलं, पण तिनं मनाला दटावलं. टेम्पोवाल्यानं सोडलं असेल.

वाफ्यावर बसून पहिला कंद हातात घेतला नि अंगठा थांबला. मधोमध माती लिंपली होती. नखानं खरवडली, तर खाली दांड्याचा सपाट कापलेला बुडखा. दुसरा तसाच, तिसराही तसाच. अख्खं पोतं फुलून गेलेल्या कंदांचं. कुणीतरी निवांत बसून एकेक दांडा विळ्यानं कापला होता आणि वर ओली माती चोपडली होती. फसवायला एवढा वेळ घालवला, याचंच तिला जास्त लागलं.

तिनं फोन लावला. "दीपा, हे मी निवडलेले न्हाईत."

"आगं, तूच निवडलेस की ताई. माझ्यासमोर."

आवाज इतका गोड की क्षणभर यशोधराला आपल्याच अंगठ्याची शंका आली. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं फोन ठेवला. कंद मात्र लावले. वाण बापाचं होतं, त्यानं काय कुणाचं वाईट केलं होतं?

आषाढापर्यंत वाफा हिरवागार झाला, पण नुसती पात.

पौर्णिमेला ती विहारात रिकाम्या हातानं शिरली. बुद्धमूर्तीपुढं गुलछडीची मोठी जुडी, आणि शेजारी पांढरी साडी नेसलेली दीपा. गावातल्या म्हाताऱ्या साळूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "रंभाजीचं नाव धाकटीनं राखलं बाई. थोरलीला न्हाई जमलं औंदा."

दीपानं मान खाली घातली नाही. उलट हसली.

वंदना झाल्यावर चपला घालताना ती जवळ आली. "रागावलीस व्हय? दरसाल तुझंच नाव घेत्यात सगळे. मी काय आण्णांची लेक न्हवते का? एक साल माझं असू दे म्हटलं. उद्या धाडते चांगले कंद."

"नुसतं बोलली असतीस तर फुलं तुझ्या हातात देऊन मी मागं बसले असते," यशोधरा म्हणाली. "आता धाडू नको काही. माझ्या वाफ्यात पिल्लं धरलीत. ती फुलली की मी येईन हितं, पण तुझ्या शेजारी बसणार न्हाई."

दीपा अजून हसतच होती. ताईचा राग, उद्यापर्यंत जाईल, असंच तिला वाटत होतं. आजवर तो जातच आला होता.