पोत्याआडचा पंखा

मी बोलतोय. इकडे वर बघा, भिंतीतल्या भोकात! फर्निचरच्या कारखान्यातल्या पॉलिशच्या खोलीचा एक्झॉस्ट फॅन मी. आतली थिनरची वाफ बाहेर फेकायची, एवढंच माझं काम. पण तेही या लोकांनी मला धड करू दिलं नाही.

मी फिरलो की दारातून वारा आत यायचा आणि शेजारच्या करवतीचा भुसा ओल्या पॉलिशवर बसायचा. आमच्या पॉलिशवाल्या दादांचा हट्ट असा, की कपाटात तोंड दिसलं पाहिजे. एक कण बसला तरी त्यांचं डोकं फिरायचं. शेवटी त्यांनी मला बंद केलं आणि वर पोतं ठोकलं. तीन वर्षं मी पोत्याआड! असा संताप यायचा म्हणून सांगू!

पोत्याच्या भोकातून सगळं दिसायचं. दादांचं डोकं ठणकायचं, बोलता बोलता शब्द हरवायचे, संध्याकाळी पाय लटपटायचे. कशाचा वासही येईनासा झाला. घरी वहिनींनी ठरवूनच टाकलं, की हा माणूस प्यायला लागला. शपथा घेऊन दादा थकले. वहिनींनी माहेरची बॅग भरली.

पण जाण्याआधी रंगेहाथ पकडायचं म्हणून एका दुपारी त्या डबा घेऊन आल्या आणि स्टुलावर ठाण मांडून बसल्या.

"काढा आता बाटली!"

दादा पॉलिश मारत राहिले. तासाभरात वहिनी उगाचच खुदुखुदु हसायला लागल्या. उठल्या, तर तोल गेला.

"अगंबाई, मला काय होतंय हे?"

"तू पण घेतलीस वाटतं!" दादा म्हणाले.

बाहेर मोकळ्या हवेत बसल्यावर वहिनींचं डोकं ताळ्यावर आलं आणि सगळा उलगडा झाला. तडक आत येऊन त्यांनी पोतं टरकन फाडलं.

"करवत मागच्या शेडमध्ये न्या. हा पंखा फिरलाच पाहिजे!"

नाही म्हणायची मालकांचीही टाप नव्हती. दादांना तपासून डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ही वाफ मेंदूला भोवते म्हणाले. नाकाला रुमाल बांधून भागायचं नाही, चांगला मास्क हवा. आणि थिनरनं हात धुणं आजपासून बंद.

आता मी दिवसभर फिरतो. पाती चिकट झालीत, जरा खडखडतोही, पण मजेत आहे. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद पोत्याआड असेल, तर बाबांनो, त्याला आधी मोकळं करा.

दादांची चाल सरळ झाली, शब्दही सापडू लागले. वास मात्र काही येईना. वहिनी रोज डबा उघडून विचारायच्या, "येतोय का हो?" दादा मान हलवून नाही म्हणायचे.

परवा डबा उघडला आणि दादा थबकले.

"भाजी करपलीय का गं?"

एरवी वहिनींनी डबा डोक्यात घातला असता. परवा त्या हसत हसत डोळे पुसायला लागल्या.

"करपलीय हो! पार कोळसा झालाय!"