शहात्तर किलोपर्यंत

खटपट बाईंच्या वर्गात शिरायचं तर आधी गटार ओलांडावं लागे. गटार कोरडं होतं, पण होतं. त्याच्यावरची फरशी कधीतरी फुटली आणि तेव्हापासून तिची दुरुस्ती मंजूर होती. मंजूर झालेल्या गोष्टीची कुणाला घाई नसते, म्हणून तिथे एक लांबलचक फळी टाकली होती. माणूस मधोमध आला की फळी वाके आणि माणूस दचके.

वेळापत्रकात विषयाचं नाव 'आरेखन, तंत्र आणि विज्ञान' असं तीन खांबी होतं. चौथीच्या मुलांनी त्याचं 'खटपट' केलं आणि ओघानेच बाईंच्या खटपट बाई झाल्या. त्यांची त्याला हरकत नव्हती. अठरा वर्षं त्यांनी फळ्यावर लोहचुंबक काढून त्याला खडूच्या टाचण्या चिकटवल्या होत्या. फळ्यावरचा चुंबक कधी चुकत नाही, हेच त्याचं दुखणं. या वर्षी प्रथमच त्यांना स्वतःची खोली मिळाली होती, आणि खोलीत त्यांनी एकच नियम ठेवला होता: केलेली वस्तू मोडेपर्यंत तपासायची, आणि कितीला मोडली तो आकडा तिच्यावर लाल पेनाने लिहायचा.

त्यामुळे खोलीभर मोडके कागदी पूल, मोडके मनोरे आणि मोडक्या पुठ्ठ्याच्या गाड्या आकड्यांसकट टांगलेल्या होत्या. परक्या माणसाला ती भंगाराची खोली वाटे. मुख्याध्यापिकांनाही वाटे. त्यांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणे. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे एक्केचाळीस मोडकी बाकं होती आणि ती ठेवायला जागा नव्हती, एवढंच.

"तुमच्याकडे नाहीतरी सगळं मोडकंच आहे," त्या म्हणाल्या. "त्यात माझी बाकं खपून जातील."

"माझ्याकडचं मोडकं नाही. मोडून पाहिलेलं आहे."

"बाकंही मुलांनी मोडूनच पाहिलीत, बाई."

शेवटी तोडगा निघाला. शुक्रवारी तपासणीला साहेब येणार होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर खोली बाईंची. नाहीतर सोमवारी बाकं आत, आणि विज्ञान परत फळ्यावर. साहेबांवर छाप पाडायची म्हणून मोठ्या बाईंनी कार्यक्रमपत्रिका छापून घेतली. तिच्यात चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांनी पुठ्ठ्यापासून बनवलेल्या खुर्चीवर माननीय साहेब स्थानापन्न होतील.' बाईंना हे पत्रिका हातात पडल्यावर कळलं.

खुर्च्या तोवर चार झाल्या होत्या. चौथ्या खुर्चीची चाचणी बाईंनी घरी घेतली होती, नवऱ्याला न सांगता. त्या दिवसापासून तो घरातल्या प्रत्येक खुर्चीवर आधी हात दाबून बघायचा आणि मगच बसायचा. पाचवी वाकडी झाली. सहावी मात्र उत्तम जमली. वर्तमानपत्राच्या घट्ट नळकांड्यांचे पाय, तीन थरांचा पुठ्ठा आणि मधे खळ. तिच्यावर मोठा ड्रम ठेवून मुलं एकेक लिटरची बाटली मोजून ओतत गेली. एक लिटर म्हणजे एक किलो. चौऱ्याहत्तर बाटल्यांपर्यंत खुर्ची गप्प उभी होती. पंच्याहत्तराव्या बाटलीला तिने मान टाकली आणि सगळा वर्ग पोटऱ्यांपर्यंत ओला झाला.

"म्हणजे चौऱ्याहत्तरपर्यंत टिकते," चिकट्या म्हणाला. खळ लावण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि धरलाच तर सुटत नसे.

"ड्रमचे दोन कोण धरणार, तुझे आजोबा?" मोजपट्टी म्हणाली. "शहात्तरपर्यंत टिकते. सत्त्याहत्तरला मोडते."

मोजपट्टी ही त्या वर्गाची सदसद्विवेकबुद्धी होती. आठ वर्षं अकरा महिने, दोन वेण्या, त्यांतली डावी एक सेंटिमीटरने लांब, हेही तिनेच सांगितलेलं. वर्षाच्या सुरुवातीला 'वाकणे' हा धडा झाला तेव्हा तिने दारातल्या फळीशेजारी एक फुटपट्टी उभी ठोकली आणि शोध लावला, की आठ किलोला फळी तीन मिलिमीटर वाकते. मग जो येईल त्याला फळीच्या मधोमध थांबवायचं, सगळ्या वर्गाने "कोण आलंय?" असं विचारायचं, आणि तो उत्तर देईपर्यंत मोजपट्टीने पालथं पडून आकडा वाचायचा, अशी रीतच पडली. पंधरा दिवसांत सगळ्या शिक्षकांच्या वजनांचा तक्ता भिंतीवर लागला. गाण्याच्या बाईंनी त्यात स्वतःपुढे बहात्तर वाचलं. शिक्षकांच्या खोलीत त्या चौसष्टच्या होत्या. तक्ता दुपारच्या आत उतरवला गेला.

"तक्ता काढायला सांगितलाय," मोजपट्टी वही दप्तरात ठेवत म्हणाली होती. "वही नाही."

सातवी खुर्ची सहावीची जुळी बहीण होती. तीच खळ, तीच माणसं, तेवढेच थर. ती न मोडता शुक्रवारची वाट बघत होती. बाई मात्र वाट बघत नव्हत्या. त्या दिवशी सकाळी त्यांनी दोनदा दूध उतू घालवलं.

"आज साहेब कितव्या खुर्चीवर बसणार?" नवऱ्याने विचारलं.

"सातव्या."

"मी चौथीवर बसलो होतो," तो म्हणाला. "त्यांना माझा नमस्कार सांग."

साहेब अकराला आले. मध्यम बांधा, खोचलेला शर्ट आणि हातात फुगलेली चामडी बॅग. ती घ्यायला शिपाईमामा पुढे झाले, तर साहेबांनी ती लेकरासारखी छातीशी धरली. तशीच धरून ते फळीवर चढले. मधोमध फळी वाकली आणि साहेब थांबले.

"कोण आलंय?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"तपासणी," साहेब म्हणाले.

गटाराच्या कडेला पालथी पडलेली मोजपट्टी हळूच म्हणाली, "तीस."

तीन मिलिमीटरला आठ, तर तीसला किती, हे चौथीच्या वर्गाला विचारावं लागत नाही. "ऐंशी" हा शब्द पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि तिथून बाईंच्या कानापर्यंत परत आला. खुर्ची शहात्तरची होती.

"साहेब, इथे लाकडी खुर्चीही आहे," त्या म्हणाल्या. "जरा ऐसपैस आहे."

"पत्रिकेत छापलंय, बाई," मोठ्या बाई ओठ न हलवता म्हणाल्या आणि त्यांनी साहेबांना खुर्चीपाशी नेलं. साहेब वळले. पाठ खुर्चीकडे झाली, गुडघे वाकू लागले.

"साहेब, बसू नका," मोजपट्टी उभी राहिली. तिच्या फ्रॉकला पुढून सगळी धूळ होती. "तुम्ही ऐंशी आहात. खुर्ची शहात्तरची आहे."

साहेबांचे गुडघे अर्ध्यावर थांबले. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले, बहुधा तिथे बाकं दिसत असावीत.

"मी ऐंशी नाही," साहेब म्हणाले.

"फळी म्हणते."

"फळीला काय कळतंय, बाळ. मी रोज सकाळी काट्यावर उभा राहतो. पंच्याहत्तर."

"कपड्यांसकट?"

साहेबांनी बॅग छातीशी आणखी घट्ट धरली. "कपड्यांशिवाय."

मागच्या दोन रांगा बाकांखाली गेल्या. बाईंनी त्या डोळ्यांनी वर आणल्या. मोजपट्टी हसली नाही. ती वहीत बघत होती. "कपडे एक किलोच्या वर नसतात," ती म्हणाली. "मग बाकीचे चार कुठले?"

"बॅग," चिकट्या म्हणाला.

मोजपट्टीने मान वर केली. तिचे कान लाल झाले.

"आपण ड्रमचे दोन धरले होते," चिकट्या म्हणाला. आयुष्यात ही संधी पुन्हा येणार नाही हे त्याला ठाऊक असावं, कारण तो सावकाश बोलत होता. "साहेबांची बॅग कोण धरणार, तुझे आजोबा?"

"बाई, माझं चुकलं," मोजपट्टी म्हणाली, आणि तिने वहीतल्या ऐंशीभोवती गोल काढला. चूक खोडायची नाही, तिच्याभोवती गोल काढायचा, हेही बाईंनीच शिकवलं होतं. त्या क्षणी बाईंना वाटलं, आपण जरा कमी शिकवायला हवं होतं.

छताच्या कडीला मुलांनी केलेला तराजू टांगलेला होता. दोन प्लास्टिकच्या घमेल्यांची पारडी आणि मधे बांबू. चिकट्याने बॅगेसाठी हात पुढे केला.

"यात गोपनीय कागद आहेत," साहेब म्हणाले.

"आम्ही वाचणार नाही," चिकट्या म्हणाला. "नुसते तोलणार."

बॅग पारड्यात गेली. दुसऱ्या पारड्यात पाण्याच्या बाटल्या चढू लागल्या. पाच झाल्या तरी बॅग जडच. सहावी ठेवली तर बाटल्या जड. मग सहावीतलं पाणी थोडं थोडं काढणं सुरू झालं. साहेब कधी खाली वाकले, कधी गुडघ्यावर आले आणि कधी त्यांनी एक डोळा मिटून बांबूच्या रेषेत नजर लावली, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"अजून घोटभर काढ," ते चिकट्याला म्हणाले. "अरे, घोटभर म्हणजे घोटभर, आंघोळ नव्हे. हं. थांब."

बॅग साडेपाच किलोची निघाली. ऐंशीतून साडेपाच गेले, उरले साडेचौऱ्याहत्तर.

"कपड्यांसकट?" साहेबांनी खात्री करून घेतली.

"बुटांसकट," मोजपट्टी म्हणाली.

साहेब उठले तेव्हा त्यांची उंची वाढल्यासारखी वाटली. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतकी चांगली बातमी कुठल्या शाळेने दिली नसावी. ते खुर्चीपाशी गेले आणि बसले.

खुर्ची कर्रर् म्हणाली. मग काहीच म्हणाली नाही.

बाईंनी भिंतीला टेकून घेतलं. गाण्याच्या बाईंनी आणलेला पुष्पगुच्छ साहेबांच्या हातात दिला तेव्हा सगळा वर्ग पुटपुटला, "अर्धा." साहेबही पुटपुटले, "पंच्याहत्तर." शिपाईमामा चहा घेऊन आले.

"चहा किती?" साहेबांनी विचारलं.

"कपबशीसकट पाव," चिकट्या म्हणाला. "थोडा वर."

"मग नंतर."

खोली आपली झाली, असं बाईंच्या मनात येतंय तोच मोठ्या बाई मागच्या बाजूने आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी काहीतरी पोटाशी धरलं होतं. शाळेच्या इमारतीची लाकडी प्रतिकृती, खाली संगमरवराचा ठोकळा. हे स्मृतिचिन्ह वर्षभर बाईंच्याच खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी ठेवलेलं असायचं, आणि आज सकाळीच पुसून रंगीत कागदात गुंडाळलं होतं. पहिल्याच आठवड्यात वर्गाने ते तोललं होतं. सगळ्यांना त्याचं वजन पाठ होतं.

"मोठ्या बाई, जरा थांबा," बाई म्हणाल्या.

"भाषणं शेवटी, बाई," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते साहेबांच्या मांडीवर ठेवलं.

"हे किती?" साहेबांनी वर्गाला विचारलं.

"अडीच," वर्ग म्हणाला.

साहेबांचे ओठ हलले. ते बेरीज करत होते. खुर्चीने ती आधी केली.

आवाज फार झाला नाही. पुठ्ठा सभ्यपणे मोडतो. साहेब जमिनीवर होते, पाय वर, शाळा पोटावर, आणि पुष्पगुच्छ जिथे जायचा तिथे गेला होता. त्यानंतर वर्गाने बाकांवर चढून टाळ्या वाजवल्या. साहेब पडले म्हणून नव्हे. आकडा बरोबर आला म्हणून. पण हा फरक मोठ्या बाईंना समजावण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं, आणि त्या समजून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत बाकं मोजत होत्या.

बाईंना वाटलं, संपलं. अठरा वर्षं आणि एक खुर्ची.

"साहेब, लागलं का हो?" त्यांनी विचारलं.

"याआधीची कितीला मोडली होती?" साहेबांनी जमिनीवरूनच विचारलं.

"सत्त्याहत्तरला."

"आणि ही साडेसत्त्याहत्तरला." ते छताकडे बघत होते. छताला टांगलेले पूल त्यांना आत्ता, झोपून, नीट दिसत होते. "त्या पुलावर लाल अकरा काय आहे?"

"अकरा किलोला मोडला," मोजपट्टी म्हणाली. "आणि जो मोडतो तोच आकडा लिहितो. नियम आहे."

चिकट्याने लाल पेन पुढे केलं. पेनही थोडं चिकटत होतं. साहेबांनी बसल्या जागी खुर्चीच्या पाठीवर साडेसत्त्याहत्तर लिहिलं आणि हाताच्या सवयीने खाली सही, तारीख आणि हुद्दा टाकला. मग अंगावरची फुलं झटकून तपासणीचा अर्ज काढला. त्यात एक रकाना होता, 'साहित्य सुस्थितीत आहे काय?' साहेबांनी बराच विचार केला आणि लिहिलं, 'नाही. मी मोडले.'

"पुढच्या वर्षी नव्वदची करा," ते बाईंना म्हणाले. "मी येईन. ही खोली असेल ना?"

बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी अर्जाकडे पाहिलं.

"असेल की, साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. "फक्त माझी एक्केचाळीस बाकं आहेत मोडकी. ती इथेच एका कोपऱ्यात ठेवली तर..."

"कितीला मोडली?"

"म्हणजे?"

"किती किलोला मोडली बाकं?"

"ते काही लिहून ठेवलेलं नाही."

"मग ती नुसतीच मोडकी," साहेब म्हणाले. "ती इथे चालणार नाहीत." आणि हे त्यांनी शेऱ्यात लिहिलं.

जाताना साहेब फळीच्या मधोमध आपणहून थांबले. बॅग, गुच्छ आणि स्मृतिचिन्ह, सगळं त्यांनी स्वतःच धरलं होतं.

"एकतीस," खालून मोजपट्टी म्हणाली.

"त्र्याऐंशी यायला हवेत," साहेब म्हणाले.

"त्र्याऐंशीला थोडं कमी आहे. फुलं आत सांडलीत. बरोबर आहे."

त्यांच्या मागोमाग बाई निघाल्या, त्यांना फाटकापर्यंत सोडायला. आधी त्या नेहमीसारख्या चालत होत्या. मग फळी पायाखाली आली आणि काय झालं कुणास ठाऊक, बेचाळीस वर्षांची ती बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर अशी पार गेली. फळी थुईथुई हलली.

"बाई, नाचत जाऊ नका," गटाराच्या कडेवरून मोजपट्टी ओरडली. "आकडा येत नाही."